इनहेलरची बदली चार्ज दिल्याशिवाय नको

(कुंभकोणमजवळील तिरुवलंचुळी येथे निवृत्त रेल्वे कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापूरकडच्या माणसांना तुम्ही कावेरीकाठी बोलावले आणि मराठीत बोलण्याची संधी दिली, याबद्दल प्रथम तुमचे आभार मानतो. तंजावरच्या भोसले राजांबरोबर आलेली मराठी तुम्ही साडेतीनशे वर्षे घरात जपलीत. आमची मराठी तुम्हाला थोडी रांगडी वाटेल, ती गोड मानून घ्या.

रेल्वे कामगाराने या मुलखात उभे राहून बोलायचे तर पोनमलैची आठवण आधी केली पाहिजे. तेथील रेल्वे कारखान्यात ५ सप्टेंबर १९४६ रोजी झालेल्या गोळीबारात पाच कामगारांनी प्राण दिले. त्यांना आम्ही अभिवादन करतो.

आज आम्ही पगार, पेन्शन किंवा महागाई भत्त्यावर बोलणार नाही. आजचा विषय श्वासाचा आहे. सभेला येताना प्रत्येकाने आपला इनहेलर पिशवीत घालून आणावा, असे निमंत्रणात मुद्दाम लिहिले होते. ते कशासाठी, हे शेवटी सांगू. आम्ही डॉक्टर नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि खलाशी म्हणून नोकरीला लागलो. परंतु युनियनच्या कामात गेली काही वर्षे निवृत्त सभासदांच्या औषधांच्या तक्रारी हाताळल्या, डॉक्टरांना विचारून विचारून माहिती घेतली, आणि एक चूक आम्ही स्वतः केली. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

आमचे एक वडीलधारे साथी वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. उमेदीची वर्षे त्यांनी फावड्याने कोळसा ओढला. १९७४ च्या संपात त्यांची नोकरी गेली आणि पुढे परत मिळाली. आम्ही नवीन असताना युनियनची पावती कशी फाडायची, हे त्यांनीच आम्हाला शिकवले. त्यांना सी.ओ.पी.डी. आहे. म्हणजे फुप्फुसातल्या श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. दिवसातून एकदा टायोट्रोपियम नावाच्या औषधाचे गॅसच्या पंपाने दोन फवारे घ्यायचे, हा त्यांचा नेम होता. त्यावर ते रोज सकाळी देवळापर्यंत चालत जात आणि दोन जिने चढत.

त्यांचे कार्ड घेऊन दर महिन्याला दवाखान्यातून औषध आणण्याचे काम आमच्याकडे होते. एके महिन्यात खिडकीवरच्या माणसाने पंपाऐवजी कॅप्सूलच्या पट्ट्या दिल्या. आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, "औषध तेच आहे, फक्त कंपनी बदलली. मशीन पुढच्या आठवड्यात येईल." आम्ही पट्ट्या खिशात घातल्या, काकांना नेऊन दिल्या आणि त्याचेच शब्द त्यांना ऐकवले : "काका, तेच आहे."

काकांनी काय केले असेल? आयुष्यभर कॅप्सूल म्हणजे पाण्याबरोबर गिळायची वस्तू, हेच त्यांना माहीत. ती कॅप्सूल मशीनमध्ये ठेवायची, टोचायची आणि आतली पूड तोंडाने ओढायची, हे त्यांना कोणी सांगितले नाही. बावीस दिवस ते रोज सकाळी एक कॅप्सूल गिळत होते. औषध पोटात गेले, फुप्फुसात गेलेच नाही. पहिल्या आठवड्यात देवळाला जाणे बंद झाले. दुसऱ्या आठवड्यात जिना सुटला. तेविसाव्या दिवशी त्यांना ऑक्सिजन लावून दाखल करावे लागले आणि नऊ दिवस ते हॉस्पिटलात होते. ते घरी परत आले, हे आपले भाग्य. परंतु या आजारात असा मोठा झटका येऊन गेला की गेलेली ताकद पुष्कळदा पूर्ण परत येत नाही. आज काका एक जिना चढतात आणि मध्ये थांबतात. ते थांबले की आम्हाला आमचे दोन शब्द आठवतात.

हे एकट्या सोलापूरकडचे दुखणे नाही. कॅप्सूल गिळण्याची ही चूक इतकी सर्रास होते की अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २००८ साली याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. तेथील शिकलेसवरलेले लोक गिळत होते, तर आपल्या काकांना दोष कोण देणार?

आता हा आजार किती मोठा आहे ते पाहू. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे भारतात सी.ओ.पी.डी.चे रोगी १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८१ लाख होते. २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. बिडी-सिगारेट हे कारण आहेच. परंतु त्याच अभ्यासात आजाराच्या एकूण ओझ्यापैकी निम्म्याहून अधिक वाटा हवेतल्या प्रदूषणाचा, सुमारे चौथा हिस्सा तंबाखूचा आणि सुमारे सहावा हिस्सा कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा निघाला. म्हणून जन्मात बिडी न ओढलेल्या भगिनींनाही हा आजार होतो. चुलीपाशी गेलेली तीस-चाळीस वर्षे त्याला पुरेशी असतात. कोळशाचे शेड, भाताच्या गिरणीतला कोंडा, इथे स्वामीमलैला मूर्ती ओतण्याच्या भट्ट्या, या सगळ्यांचा धूर फुप्फुसात वर्षानुवर्षे साठतो. ब्रॉडगेजवरचे वाफेचे इंजिन १९९५ च्या डिसेंबरात थांबले. त्याचा धूर मात्र आमच्या वडीलधाऱ्यांच्या छातीतून अजून निघालेला नाही.

या आजारावर इनहेलर हाच मुख्य आधार आहे. इनहेलरचे दोन प्रकार प्रत्येकाने पक्के लक्षात ठेवावेत. एक तातडीचा, म्हणजे साल्ब्युटामॉलसारखा. तो काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो आणि चार-सहा तासांत उतरतो. दुसरा लांब पल्ल्याचा. तो बरे वाटो न वाटो, रोज ठरल्या वेळी घ्यायचा. या दुसऱ्यात तीन जातींची औषधे असतात. पहिली जात फॉर्मोटेरॉल व साल्मेटेरॉल यांची. ही बारा तास चालतात. त्याच जातीची इंडाकेटेरॉल व विलांटेरॉल चोवीस तास चालतात. दुसरी जात टायोट्रोपियम, ग्लायकोपायरोनियम वगैरेंची. तिसरी जात स्टिरॉइडची, म्हणजे बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन. यांच्या जोड्या करून किंवा तिन्ही एकत्र करूनही इनहेलर निघतात. पॅसेंजर आणि एक्स्प्रेस एकाच रुळावर धावतात म्हणून त्यांचे टाइमटेबल एक होत नाही. तसेच इनहेलरचे आहे. दिवसातून एकदाचा दोनदा घेतला तर घात, आणि दोनदाचा एकदा घेतला तरी घात.

आता बदलीकडे वळू. बदली कोणत्या कारणांनी होते? काही कारणे रोग्याच्या हिताची असतात. दम आटोक्यात येत नाही, वर्षात दोनदा झटका आला, हात थरथरतात, पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ बसत नाही, म्हणून डॉक्टर बदल करतात. कधी स्टिरॉइड कमी करतात, कारण या आजारात स्टिरॉइडच्या इनहेलरने न्यूमोनियाचा धोका वाढतो. २०१६ साली एका मोठ्या चाचणीत इंडाकेटेरॉल आणि ग्लायकोपायरोनियम यांची जोडी साल्मेटेरॉल-फ्लुटिकासोनच्या जोडीपेक्षा झटके टाळण्यात सरस ठरली. तेव्हापासून स्टिरॉइडशिवायच्या जोडीकडे डॉक्टरांचा कल वाढला. मात्र ज्याला पूर्वी दमा होता, ज्याला वारंवार झटके येतात किंवा रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी जास्त आहेत, त्याचे स्टिरॉइड आपल्या मनाने किंवा खिडकीवरच्या माणसाच्या मनाने बंद होता कामा नये. आणि ज्याचा आजार मुळात दमा आहे, त्याने फॉर्मोटेरॉल-साल्मेटेरॉलच्या जातीचे औषध स्टिरॉइडशिवाय एकटे घेणे धोक्याचे आहे. म्हणून आपला आजार दमा की सी.ओ.पी.डी., हे श्वासाची मशीनवरची तपासणी करून एकदा नक्की करून घ्यावे.

दुसरी कारणे दुकानाची असतात. साठा संपला, नवे टेंडर निघाले, दुसरी कंपनी स्वस्त पडली. आम्ही स्वस्त औषधाच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. कामगार चळवळ स्वस्त औषधाच्या विरुद्ध असूच शकत नाही. तुमच्या तमिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ काढून औषधांची घाऊक खरेदी कशी करावी, हे देशाला दाखवले. टायोट्रोपियम आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची जोडी २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, हीही चांगली गोष्ट आहे. नीट ओढलेले स्वस्त औषध हे चुकीचे ओढलेल्या महाग औषधापेक्षा केव्हाही चांगले. आमचा आक्षेप स्वस्ताईला नाही, न सांगता केलेल्या बदलीला आहे.

कारण गोळीची कंपनी बदलली तरी गिळणे बदलत नाही. इनहेलर बदलला की हाताचे आणि छातीचे कामच बदलते. गॅसच्या पंपात श्वास सावकाश आणि खोल ओढायचा असतो, चार-पाच सेकंद. पुडीच्या इनहेलरमध्ये सुरुवातीपासूनच जोरात आणि खोल ओढावा लागतो, नाहीतर पूड जागची हलत नाही. म्हणजे एकाची सवय दुसऱ्यात नेमकी उलटी पडते. पंपाची सवय असलेला माणूस पूड हळू ओढतो आणि ती घशातच राहते. पुडीची सवय असलेला पंप जोरात ओढतो आणि फवारा घशावर आदळतो. दोघेही म्हणतात, "नवे औषध लागू पडत नाही." औषधात काही खोट नसते, ओढणे चुकलेले असते. शिवाय फुप्फुस फार थकलेल्या माणसाला पूड ओढण्याइतका जोरच नसतो. त्याला पुडीच्या इनहेलरवर टाकणे म्हणजे चढावर इंजिन कमी करण्यासारखे आहे.

खोक्यावरच्या आकड्यांवरूनही समजूत करून घेऊ नका. टायोट्रोपियमचा दिवसाचा डोस पुडीच्या कॅप्सूलमध्ये १८ मायक्रोग्रॅम असतो. तेच औषध बारीक धुके सोडणाऱ्या उपकरणात ५ मायक्रोग्रॅम असते. आकडा लहान म्हणून औषध कमी, असे नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका. एका कंपनीचा रंग दुसरीला बांधलेला नसतो.

तुमच्या गावच्या श्वेत विनायकाचे आम्ही काल दर्शन घेतले. मूर्ती समुद्राच्या फेसाची मानतात, म्हणून तिला पाण्याचा अभिषेक नाही, कापराची भुकटी वाहतात, असे पुजाऱ्यांनी सांगितले. गणपती एकच, परंतु जशी मूर्ती तशी तिची पूजा. फेसाच्या मूर्तीवर कोणी घागर ओतत नाही. इनहेलरचेही तसेच समजा. पुडीच्या इनहेलरला ओल चालत नाही. त्यात फुंकर मारू नका, कारण तोंडाची वाफ पूड चिकटवते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तुमच्या पावसात कॅप्सूल डबीत सुट्या काढून ठेवू नका, घेण्याच्या वेळीच पट्टीतून काढा.

दुसरी हकीकत एका भगिनीची. गँगमनची विधवा, आयुष्यभर चूल. फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइडचा इनहेलर सकाळ-संध्याकाळ घेत होती. डॉक्टरांनी तो बंद करून ग्लायकोपायरोनियम-फॉर्मोटेरॉल लिहून दिला. जुना बंद करा, हे चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. जुना अर्धा शिल्लक होता. औषध वाया घालवायचे नाही, ही गरिबाघरची शिकवण. तिने दोन्ही चालू ठेवले. फॉर्मोटेरॉल दुप्पट गेले. छातीत धडधड, हाताला कंप, रात्रभर झोप नाही. सुनेने दोन्ही डबे आमच्यासमोर आणून ठेवले, तेव्हा दोन्हींवर एकच नाव वाचून उलगडा झाला. म्हणून सांगतो, डब्यावरचे कंपनीचे मोठे नाव सोडा आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेले औषधाचे नाव वाचा. स्वतःला दिसत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या.

आता रेल्वेवाल्यांच्या भाषेत आमचा मुद्दा मांडतो. लोको पायलटला नवा सेक्शन द्यायचा तर त्याला आधी रोड लर्निंगच्या फेऱ्या देतात. सिग्नल कुठे, चढ कुठे, वळण कुठे, हे तो दिवसा आणि रात्री पाहतो. ओळख झाल्याची सही करतो, मगच गाडी त्याच्या हातात मिळते. तीस वर्षांचा अनुभवी माणूस असला तरी नव्या सेक्शनवर त्याला हे चुकत नाही, कारण मागे हजार प्रवाशांचा जीव असतो. स्टेशन मास्तरची बदली झाली तर चार्ज दिल्याघेतल्याशिवाय कोणी खुर्ची सोडत नाही. मग ज्याच्यावर माणसाचा श्वास चालतो, त्याची बदली खिडकीतून दोन शब्दांत कशी होते? जीव एकाचा असला म्हणून नियम नको काय?

यादृष्टीने आम्ही आपल्या दवाखान्यांकडे पुढील मागण्या लावून धरल्या आहेत. तुम्हीही त्या आपल्या भागात मांडाव्यात.

१) लांब पल्ल्याचा इनहेलर बदलायचा तर डॉक्टरांच्या माहितीने व रोग्याला सांगून बदलावा. बदल आजारासाठी की साठ्यासाठी, हे चिठ्ठीवर लिहावे.

२) जुना इनहेलर बंद करायचा की चालू ठेवायचा, हे रोग्याच्या भाषेत स्पष्ट लिहावे.

३) कॅप्सूल आणि मशीन एकाच वेळी द्यावे. मशीन नसेल तर कॅप्सूल देऊ नये, जुनेच औषध बाहेरून विकत घेऊन पुरवावे.

४) नवा इनहेलर रोग्याला वापरून दाखवावा आणि त्याच्याकडून करून घ्यावा. नुसते "समजले का?" विचारून भागत नाही. समजले, असे सगळेच म्हणतात.

५) दोन ते चार आठवड्यांत परत बोलावून दम आणि ओढण्याची पद्धत तपासावी व कार्डावर नोंद ठेवावी. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या सरफोजीराजांच्या पदरी डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार झाले की त्यांची हकीकत लिहून ठेवत असत. राजाच्या दरबारात जे जमत होते, ते संगणकाच्या काळात जमायला हरकत नाही.

६) टेंडर करताना उपकरण वारंवार बदलणार नाही, हे पाहावे. दर तिमाहीला नवे यंत्र म्हणजे म्हाताऱ्या माणसाची दर तिमाहीला नवी परीक्षा.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. आपल्या हातातले आपण करू. पिशवीत एक कागद ठेवा. त्यावर औषधाचे नाव, दिवसातून किती वेळा, केव्हा सुरू केले, जुने केव्हा बंद केले, हे लिहा. बदलीनंतर पहिला महिना तातडीचा इनहेलर रोज किती वेळा लागला, त्याच्या रेघा मारा. रेघा वाढू लागल्या तर महिना संपायची वाट न पाहता डॉक्टरकडे जा. स्टिरॉइडचा इनहेलर असेल तर घेतल्यावर पाण्याने चूळ भरून थुंका, म्हणजे तोंड येत नाही. गॅसच्या पंपाला स्पेसर लावा. दाबण्या-ओढण्याचा मेळ त्याने सोपा होतो. टायोट्रोपियमच्या जातीचे औषध नव्याने सुरू झाल्यावर लघवी अडली, डोळा दुखून अंधुक दिसू लागले, तर लगेच दाखवा. एक वाक्य पुरे बोलता येत नाही, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत गेला, तर इनहेलर मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि नवे औषध पसंत नाही म्हणून सगळेच बंद करून घरी बसू नका. त्याने नुकसान दवाखान्याचे होत नाही, आपले होते.

जे दुसऱ्याचे औषध आणून देतात, त्यांना एक शेवटची विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण हे काम करतात. मुलगा बापाचे आणतो, सून सासूचे आणते, युनियनचा माणूस सभासदाचे आणतो. हे पुण्याचे काम आहे. परंतु खिडकीवर डबा निराळा दिसला तर तिथेच थांबा. रांगेतली माणसे कुरकुर करतील, करू द्या. "हे तेच औषध आहे काय? घ्यायची पद्धत तीच आहे काय? मशीन कुठे आहे?" हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. आम्ही त्या दिवशी यातला एकच प्रश्न विचारला आणि एकाच उत्तरावर घरी गेलो. हक्क मागताना आम्ही अधिकाऱ्यांपुढे तासन्‌तास उभे राहिलो आहोत. काकांसाठी दोन मिनिटे जास्त उभे राहिलो नाही.

काकांना आम्ही हे सगळे सांगितले आणि माफी मागितली. ते म्हणाले, "सभेत सांग. नाव नको सांगू, पण हकीकत सांग." म्हणून इतक्या लांब येऊन सांगितली.

भाषण येथे संपवतो. आता पिशव्या उघडा आणि आपापले इनहेलर बाहेर काढा. कुंभकोणमहून आलेल्या नर्सबाई आपल्यात बसल्या आहेत. एकेकाने पुढे यायचे आणि रोज जसे ओढता तसे ओढून दाखवायचे. लाजू नका. चुकले तर येथेच दुरुस्त होईल. सुरुवात वयाने सर्वांत मोठ्या साथींपासून करू.